साथीतला मणक्याचा रुग्ण: रिपोर्टची वाट बघायची का?

पुण्यातच ऑर्थोपेडिक्सचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका तरुण डॉक्टरचा प्रश्न आहे. "कोविडच्या वेळी मी एमबीबीएसला होते, घरी बसून ऑनलाइन लेक्चरं ऐकत होते, वॉर्ड बघितलाच नाही. उद्या तशी साथ परत आली आणि मणका मोडून पाय लुळे पडलेला रुग्ण कॅज्युअल्टीत आला, तर स्वॅबचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं का? पॉझिटिव्ह निघाला तर ऑपरेशन करायचं की पुढे ढकलायचं? तुम्ही तेव्हा काय केलंत?"

थेट उत्तर आधी देतो. रिपोर्टसाठी थांबू नका. साथ चालू असताना अपघाताचा प्रत्येक रुग्ण बाधितच आहे असं धरा, एन-९५, फेस शील्ड आणि गाऊन चढवा आणि कामाला लागा. स्वॅब त्याच्या वाटेनं जाऊ द्या. मानेच्या मज्जारज्जूवरचा दाब २४ तासांच्या आत काढला तर रुग्ण सुधारण्याची शक्यता वाढते, हे २०१२ सालच्या एका मोठ्या अभ्यासानं दाखवलं आणि तेव्हापासून आपण सगळे त्याच घड्याळावर चालतो. २०२० च्या सुरुवातीला रिपोर्ट यायलाच कधीकधी दिवस उलटायचा. थांबलो असतो तर ते २४ तास कॅज्युअल्टीच्या दारातच संपले असते.

पण तुम्ही न विचारलेला एक प्रश्न आहे, आणि माझ्या अनुभवात साथीच्या काळात रुग्णाचं भलंबुरं त्यावरच ठरलं. या माणसाची कूस रात्री दोन वाजता कोण बदलणार? तातडीची ऑपरेशनं आम्ही थांबवली नाहीत. कूस बदलणं मात्र थांबलं. त्याची किंमत रुग्णांनी मोजली, म्हणून माझं अर्धं उत्तर त्याबद्दलच असणार आहे.

९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले कोविडचे रुग्ण पुण्यातच सापडले आणि नायडू हॉस्पिटलात दाखल झाले. २५ मार्चपासून टाळेबंदी लागली, रस्ते ओस पडले, एक्स्प्रेसवे शांत झाला. आता मणक्याचे रुग्ण फारसे येणार नाहीत असं आम्हाला वाटलं. वाहनांचे अपघात खरंच कमी झाले, पण माणसं पडायची थांबली नाहीत. एप्रिल-मे म्हणजे आंबे उतरवायचे दिवस. मुळशी, वेल्हे, भोरकडून झाडावरून पडलेले लोक आले. घरी बसून कंटाळलेला माणूस गच्चीवरची टाकी धुवायला किंवा पावसाआधी कौलं शाकारायला चढला आणि खाली आला. बाथरूममध्ये घसरलेले आजी-आजोबा आले. त्यांच्या मानेत आधीच स्पॉन्डिलोसिस, म्हणजे वयानं झालेली मणक्यांची झीज असते, एक्सरेत हाड कुठेच मोडलेलं दिसत नाही, पण हात पायांपेक्षा जास्त लुळे पडलेले असतात. हा सेंट्रल कॉर्ड सिंड्रोम. "हाताला मुंग्या येतात" एवढंच सांगून यातले कितीतरी जण आठवडाभर घरातच राहिले होते, कारण दवाखान्यात गेलं की कोविड लागतो आणि मग घरच्यांपासून तोडतात, ही धास्ती.

ही धास्ती पुण्याला नवी नाही. १८९७ च्या प्लेगात गोऱ्या सोजिरांनी घरं तपासून रुग्ण उचलून नेले आणि लोक आजारी माणूस माळ्यावर लपवायला लागले. आमच्याकडेही नातेवाईक ताप लपवायचे. म्हणून केस हिस्ट्री घेताना माझ्या टीमला सांगून ठेवलं होतं की आधी म्हणायचं, "ताप असला तरी ऑपरेशन होणार आहे, तुमच्यातलं एक माणूस जवळ राहणार आहे. आता खरं सांगा." मग खरं सांगायचे.

आता कॅज्युअल्टी. मान सांभाळून श्वासनलिका, मग श्वास, मग रक्ताभिसरण. हा क्रम कुठल्याच साथीत बदलत नाही, पद्धत बदलते. मानेच्या फ्रॅक्चरला एरवी आम्ही रुग्ण जागा असतानाच फायबर-ऑप्टिक दुर्बिणीनं श्वासनलिकेत नळी घालायला पसंती देतो. पण त्यात रुग्ण खोकतो आणि सगळी खोली तुषारांनी भरते. त्या काळात आम्ही रुग्णाला भूल देऊन व्हिडिओ लॅरिंगोस्कोपकडे, म्हणजे घसा दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या साधनाकडे वळलो. एकानं दोन्ही हातांनी डोकं-मान सरळ रेषेत धरून ठेवायची, कॉलरचा पुढचा भाग काढायचा, आणि टीममधल्या सगळ्यात सराईत भूलतज्ज्ञानं एका प्रयत्नात नळी घालायची. शिकाऊ हातांना तेव्हा संधी दिली नाही. ते योग्यच होतं.

रक्तदाबाकडे बारकाईनं बघा. मानेची किंवा छातीच्या वरच्या भागातली इजा असेल तर न्यूरोजेनिक शॉकमध्ये, म्हणजे रक्तवाहिन्यांवरचा मज्जारज्जूचा ताबा सुटल्यानं, दाब उतरतो आणि नाडीही मंद असते. रक्तस्रावात किंवा जंतुसंसर्गात दाब उतरला की नाडी धावते. दाब कमी दिसला म्हणून सलाईनच्या बाटल्या लावत सुटलात तर कोविडनं आधीच भिजलेलं फुफ्फुस आणखी बुडेल. पोटात-छातीत रक्तस्राव नाही याची खात्री झाली की दाब वाढवणारं नॉरॲड्रेनलिन लवकर सुरू करा आणि सरासरी दाब सुरुवातीचे काही दिवस ८५ च्या आसपास धरून ठेवा. मज्जारज्जूला रक्त हवं असतं आणि फुफ्फुसाला कोरडेपणा हवा असतो. दोन्ही साधायचं तर हाच रस्ता आहे.

सीटीला नेताना मणक्याबरोबर छातीचाही सीटी त्याच फेरीत करून घ्या. मशीन एकदाच निर्जंतुक करावं लागतं आणि रुग्णही एकदाच हलतो. छातीला मार लागलेल्या माणसाच्या फुफ्फुसात चट्टे दिसले की लगेच कोविड म्हणू नका. मुका मार बहुधा मार लागलेल्या बाजूला, मोडलेल्या बरगडीच्या आसपास असतो, तर कोविडचे चट्टे दोन्हीकडे आणि कडेकडेनं असतात. एमआरआय निर्णय बदलणार असेल तरच करा. आणि एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट: मास्कच्या नाकावरची धातूची पट्टी एमआरआयमध्ये तापते आणि चेहरा भाजू शकतो. तिथे पट्टी नसलेला मास्क द्या.

आणखी एक सवय लावून घ्या. पाय लुळे असलेला, पडल्याचा इतिहास असलेला रुग्ण समोर आला की विचारा, पडल्यामुळे पाय गेले की पाय गेल्यामुळे पडला? जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे (शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते तो आजार) रुग्ण झपाट्यानं वाढले, ते आपण पुणेकरांनी बघितलंय. कोविडनंतरही गियाँ-बारे होऊ शकतो. पायांतून वर चढत आलेला अशक्तपणा, आधी जुलाब, चेहऱ्याचे स्नायू ढिले आणि जिच्याखाली स्पर्श कळत नाही अशी ठरावीक रेघ अंगावर नाही, असं असेल तर पडण्याला कारण ठरवून मोकळे होऊ नका.

ऑपरेशन कोणाचं लगेच करायचं? ज्याच्या पायात थोडी तरी हालचाल किंवा संवेदना शिल्लक आहे, ज्याची ताकद डोळ्यांदेखत कमी होतेय, ज्याला कॉडा इक्विना सिंड्रोम (मज्जारज्जूच्या खालच्या नसांचा जुडगा दबून लघवी-शौचावरचा ताबा जाणं) आहे, तो पॉझिटिव्ह असो वा निगेटिव्ह, २४ तासांत टेबलवर. इथे मी कधीही मागेपुढे पाहिलं नाही. याउलट मणक्याचं हाड चेपलंय पण स्थिर आहे, नसा शाबूत आहेत, तर ब्रेस देऊन घरी पाठवा. एरवी आपण अशातल्या काहींना स्क्रू घातले असते. साथीत घर जास्त सुरक्षित.

अवघड निर्णय मधला असतो. इजा पूर्ण आहे, म्हणजे मज्जारज्जूच्या इजेच्या ए ते ई या एशिया श्रेणीतली सगळ्यात गंभीर 'ए', पायात काहीच नाही, आणि कोविड न्यूमोनियासाठी ऑक्सिजन भरपूर लागतोय. मे २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोविड झालेल्या रुग्णांपैकी २३.८ टक्के ३० दिवसांत दगावले होते आणि निम्म्यांहून अधिक जणांना फुफ्फुसाची गुंतागुंत झाली होती. ते आकडे वाचून त्या आठवड्यात आम्हा सगळ्यांचे हात थबकले होते. अशा रुग्णाला आम्ही थांबवला, फुफ्फुस स्थिरावेपर्यंत काही दिवस लॉग रोलनं, म्हणजे मणका न वाकवता अख्खं अंग ओंडक्यासारखं एकदम वळवून सांभाळला. त्याच संशोधकांनी पुढे कोविडनंतर सात आठवडे थांबावं असं सुचवलं, पण ते टाळता येण्यासारख्या शस्त्रक्रियांसाठी. मोडलेल्या मणक्याला सात आठवडे लावू नका.

आणि इजा पूर्ण आहे पण कोविड सौम्य आहे, तर मी फिक्सेशन केलं. पायात जीव परत येईल म्हणून नव्हे. स्क्रू-रॉडनं मणका घट्ट झाला की माणसाला वळवता येतं, बसवता येतं, गरज पडली तर पालथं झोपवता येतं. साथीत माणसांची वानवा असते. ज्याला वळवायला पाच जण लागायचे, त्याला दोघे वळवू शकतात.

थिएटरमध्ये आम्ही होता होईतो पाठीमागून शस्त्रक्रिया केली, म्हणजे श्वासनलिकेपासून लांब. हाय-स्पीड ड्रिल कमीत कमी वापरलं, खोलीत मोजकी माणसं ठेवली आणि सीनिअरनं स्वतः ऑपरेशन केलं म्हणजे वेळ कमी लागायचा. बाकी तपशील तुम्हाला भूलतज्ज्ञ सांगतील.

स्टेरॉइडबद्दल गोंधळ फार होता. जून २०२० नंतर ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णाला डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, हे पक्कं झालं. त्याचा आधार घेऊन काही जण मज्जारज्जूच्या इजेला मिथाइलप्रेडनिसोलोनचे जुने, प्रचंड मोठे डोस पुन्हा देऊ लागले. ते देऊ नका. साखर वाढते, जखम चिघळते, संसर्ग बळावतो. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसनं, म्हणजे काळ्या बुरशीनं, साखर आणि स्टेरॉइड एकत्र आल्यावर काय होतं ते दाखवून दिलं.

आता कुशीकडे येतो.

दुसऱ्या लाटेतली गोष्ट. पंचविशीतला एक मुलगा, पाचव्या मजल्याच्या बांधकामावरून पडलेला. बाराव्या डॉर्सल (छातीच्या भागातल्या) मणक्याचा चुरा, पाय पूर्ण गेलेले, स्वॅब पॉझिटिव्ह. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन केलं. एक्सरेत स्क्रू-रॉड सुरेख दिसत होते. मग तो कोविड वॉर्डात गेला. तिथे एका सिस्टरकडे तीसच्या वर रुग्ण, किट घालून सहा तासांची ड्यूटी, सगळ्यांचं लक्ष ऑक्सिजनच्या काट्यावर. नातेवाइकांना बंदी. वॉर्डातल्या मदतनीस मावशी आणि मामा निम्मेच, कारण उरलेले स्वतः आजारी. मी रोज फोनवर विचारायचो, सॅच्युरेशन किती, ताप आहे का, जखमेचा ड्रेन किती भरला. त्याची पाठ कशी आहे हे मी विचारलं नाही. बाराव्या दिवशी तो बाहेर आला, तेव्हा माकडहाडावर हाडापर्यंत गेलेला बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून दाबानं झालेली जखम होती. जखम झाकायला शेजारची कातडी-मांस फिरवून लावायच्या दोन फ्लॅप शस्त्रक्रिया आणि आठ महिने. व्हीलचेअरवर बसायला त्याला ते आठ महिने थांबावं लागलं. कोविडनं त्याला काहीसुद्धा केलं नव्हतं.

दोष त्या सिस्टरचा नव्हता. साथीची सगळी व्यवस्था श्वासाच्या आजारासाठी उभी राहिली होती, आणि ज्याला स्वतःहून हलता येत नाही असा माणूस त्या आराखड्यात कुठे नव्हताच. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात डॉ. गुटमान यांनी मणक्याच्या रुग्णांचा विभाग सुरू केला, त्याआधी असे रुग्ण बेडसोर आणि लघवीच्या संसर्गानं काही महिन्यांत मरायचे. त्यांनी दिवसरात्र दर दोन तासांनी कूस बदलायचा नियम केला आणि तो पाळला जातोय का ते बघायला स्वतः वॉर्डात जायचे. नवं औषध कुठलंच नव्हतं. इतक्या वर्षांनी आमच्या वॉर्डात तो नियम गळून पडला.

त्या मुलानंतर आम्ही तीन गोष्टी केल्या. ओपीडी बंद असल्यामुळे फिजिओथेरपीची मुलं मोकळी होती. त्यांच्यातल्या चौघांची एक टीम केली, तिला वॉर्डात सगळे 'कूसवाले' म्हणायला लागले. पॉझिटिव्ह असो वा निगेटिव्ह, ती टीम ठरल्या वेळी येऊन मणक्याच्या प्रत्येक रुग्णाला वळवायची आणि तेव्हाच टाचा, माकडहाड, डोक्याची मागची बाजू बघून भिंतीवरच्या कागदावर सही करायची. मधल्या फेऱ्या सिस्टर आणि नातेवाईक मिळून करायचे. दुसरं म्हणजे हवेची गादी, बाजारात तिला अल्फा बेड म्हणतात, ती प्रत्येकाला दिली. पण गादी आहे म्हणून एकही फेरी चुकवायची नाही हे बजावून. तिसरी गोष्ट सगळ्यात वादाची होती. प्रत्येक लुळ्या रुग्णाजवळ एक नातेवाईक आत घ्यायचा.

यावर प्रशासनाशी आमचं भांडण झालं. संसर्ग पसरेल, जबाबदारी कोणाची, हे प्रश्न रास्तच होते. मी म्हटलं, या माणसाला मणक्याची इजा झाली त्या क्षणापासून त्याच्या बायकोचे किंवा भावाचे हात हे उपचाराचा भाग आहेत. त्यांना बाहेर ठेवणं म्हणजे औषध बंद करण्यासारखं आहे. शेवटी मध्यममार्ग निघाला: एकच माणूस, तो बदलायचा नाही, वय कमी, घरात म्हातारं कोणी नसलेला, किट घालायला-काढायला शिकवलेला, लेखी संमती दिलेला. मुळशीच्या एका मावशींनी नवऱ्याला १९ दिवस सांभाळलं. घड्याळ वाचता येत नव्हतं. आम्ही मोबाइलवर दर दोन तासांचा गजर लावून दिला. त्यांच्या नवऱ्याच्या पाठीवर लाल चट्टासुद्धा उठला नाही.

मानेच्या इजेत श्वासाबद्दल दोन गोष्टी उलट्या असतात, त्या लक्षात ठेवा. कोविडच्या रुग्णाला आपण उशा लावून बसवतो. चारही हातपाय गेलेल्या माणसाला बसवलं की त्याची श्वासाची क्षमता बऱ्याचदा घटते, कारण पोटाचे स्नायू ढिले असतात आणि श्वासपटल खाली ओघळतं. तो सपाट झोपून जास्त चांगला श्वास घेतो. बसवायचंच असेल तर पोटाला पट्टा बांधा. दुसरं, त्याच्या बरगड्यांचे स्नायू काम करत नाहीत, त्यामुळे तो धापा टाकताना दिसत नाही, खोकत नाही, "मी बरा आहे" म्हणतो आणि तासाभरात व्हेंटिलेटरवर जातो. एका श्वासात आकडे मोजायला सांगा. काल पंचवीसपर्यंत जात होता आणि आज बाराला थांबला, तर आयसीयूला कळवा, सॅच्युरेशन पडायची वाट बघू नका. कफ त्याला स्वतःला काढता येत नाही. तो श्वास सोडत असताना बरगड्यांखाली तळवा ठेवून आत आणि वर दाबायचं, हा खोकला आपण त्याला द्यायचा असतो. तुषार उडतात म्हणून सुरुवातीला हे बंद करा असं सांगण्यात आलं होतं. आम्ही बंद केलं नाही, एन-९५ आणि शील्ड घालून केलं. कफानं गच्च झालेलं फुफ्फुस घेऊन कोविडशी कोणी लढू शकत नाही.

सॅच्युरेशन अचानक पडलं तर कोविड वाढला असं गृहीत धरू नका. कफाची गुठळी असेल, किंवा पायातून सुटलेली रक्ताची गाठ असेल. लुळे पाय आणि कोविड, दोन्ही रक्त गोठवतात, आणि पाय सुजला तरी रुग्णाला दुखत नाही. म्हणून पोटऱ्यांचा घेर रोज टेपनं मोजा आणि रक्तस्रावाची भीती संपली की रक्त गोठू न देणारं हेपारिन लवकर सुरू करा. तापाचंही तसंच. लघवीचा संसर्ग, बेडसोर, पायातली गाठ, यांतलं काहीही असू शकतं. शिवाय मणक्याच्या वरच्या भागातल्या इजेत इजेखालच्या अंगाला घाम येत नाही, त्यामुळे मे महिन्यात पंखा बंद असलेल्या खोलीत नुसत्या उकाड्यानंही अंग तापतं.

सहाव्या डॉर्सल मणक्याच्या वरची इजा असेल तर ऑटोनॉमिक डिस्रिफ्लेक्सिया, म्हणजे इजेखाली काही टोचलं-तुंबलं की रक्तदाब एकदम उसळणं, प्रत्येक कोविड वॉर्डाला शिकवून ठेवा. बहुधा पहिले काही आठवडे उलटल्यावर तो दिसू लागतो. डोकं फुटेल असं दुखणं, चेहऱ्यावर घाम, दाब दोनशेच्या घरात. कारण बहुतेकदा तुंबलेली लघवीची नळी असते. मणका स्थिर केलेला असेल तर रुग्णाला बसवा, कपडे सैल करा, नळी मोकळी करा. दाबाच्या गोळ्या त्यानंतर.

रुग्णाला त्याचे पाय परत येणार नाहीत हे किट घालून सांगणं मला शेवटपर्यंत जमलं असं वाटत नाही. आवाज मास्कमध्ये अडकतो, डोळेही धुरकट काचेमागे. मी छातीवर मार्करनं नाव लिहायचो, खुर्ची ओढून बसायचो आणि भावाला किंवा आईला व्हिडिओ कॉलवर घेतल्याशिवाय ते वाक्य उच्चारायचो नाही. खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमधल्या जवानांबद्दल सांगायचो, व्हीलचेअरवर कित्येक वर्षं उभं केलेलं त्यांचं आयुष्य. सगळ्यांना त्याचा उपयोग झाला नाही. काहींना झाला.

घरी लवकर पाठवावं लागतं, कारण पुनर्वसन केंद्रं बंद असतात. पाठवण्याआधी लघवीची नळी (कॅथेटर) स्वतः घालायला शिकवा. ज्याचे हात चांगले आहेत तो शिकतो. दर चार ते सहा तासांनी, एका वेळी ५०० मिलिलिटरच्या आत. दोन महिन्यांचे कॅथेटर आणि जेली बरोबर द्या, टाळेबंदीत तालुक्याच्या मेडिकलमध्ये ते मिळत नाहीत. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल करा आणि त्यात कॅमेरा आधी पाठीवर न्यायला सांगा, चेहऱ्यावर नंतर. मणक्याच्या टीबीचे रुग्णही याच यादीत घ्या. टाळेबंदीत औषधं तुटल्यामुळे चालत असलेली माणसं लुळी होऊन आमच्याकडे आली, आणि एक फोन वेळेवर गेला असता तर त्यातल्या काहींना चालतं ठेवता आलं असतं.

आता तुमच्या कॅज्युअल्टीत असा रुग्ण आला, तर केसपेपरच्या पहिल्या पानावर इजेची पातळी आणि एशिया ग्रेड लिहा, इजेची वेळ लिहा, एका श्वासात मोजलेला आकडा लिहा. त्याखाली त्याच्याजवळ राहणाऱ्या नातेवाइकाचं नाव आणि मोबाइल नंबर लिहा, आणि पहिली कूस किती वाजता बदलली ते.